तीन सेकंदांची लाट

सूर्याकडून आलेली म्हणून जी लाट मी तीन महिने जपली, ती सूर्याकडून आलेलीच नव्हती. ती मोजणाऱ्या यानाच्या स्वतःच्या गिरकीची होती. यान दर तीन सेकंदांनी स्वतःभोवती एक फेरी मारत होतं आणि मला दर तीन सेकंदांनी एक लाट सापडत होती. एवढंच. दहावीतल्या पोरालाही हे सांगितलं तर कळेल आणि ते हसेल. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून सतरा वर्षं झाली होती, आणि मी हसलो नाही. मी त्या लाटेवर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं.

हे आज आठवायचं कारण कांदे. वैशाख तापला की माझ्या सासुरवाडीहून, लासलगावच्या बाजूने, वर्षभराचा उन्हाळ कांदा येतो. तो पलंगाखाली पसरणं हे जावयाचं काम. पूर्वी उकिडवा बसून करायचो. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून फरशीवर आडवा होतो, एकेक कांदा आत सरकवतो आणि मध्येच तसाच पडून राहतो. फरशी गार लागते. पंख्याच्या वाऱ्याने टरफलं उडतात, नाकाशी येतात. परवा असाच पडलो होतो तेव्हा सुनंदा, माझी बायको, दारात येऊन म्हणाली, "झोपलात का पडलात?" दोन्हींत आता फारसा फरक उरलेला नाही, हे तिला सांगायचाही कंटाळा आला.

त्यात हल्ली सौर वादळाचे मेसेज फिरतात. सूर्यावर कुठे काही उसळलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लाल आभाळाचे फोटो येतात आणि शेजारचे काका मला जिन्यात गाठतात. "सर, तुमच्या सूर्याचं वादळ येतंय म्हणे उद्या. फ्रीज बंद ठेवू का?" पहिल्या वेळी मी खरं सांगितलं, की काही होणार नाही. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या वेळी म्हणालो, "फ्रीज राहू द्या, टीव्ही मात्र दोन दिवस लावू नका." काकूंनी संध्याकाळी वाटीभर शिकरण पाठवलं. माझ्या संशोधनाचा समाजाला झालेला हा आजवरचा एकमेव उपयोग.

सूर्यापासून सतत एक वारा सुटलेला असतो. आपल्या वाऱ्यासारखा हवेचा नाही. इतका तापलेला की त्यातल्या अणूंचे तुकडे झालेले असतात, आणि ते तुकडे सूर्याच्या चुंबकीय रेषाही बरोबर ओढत नेतात. सेकंदाला चारशे-पाचशे किलोमीटर. हा वारा सरळ येत नाही. त्यात लाटा असतात, भोवरे असतात, मोठे भोवरे मोडून लहान होतात, लहान मोडून आणखी लहान, आणि शेवटी सगळ्याची नुसती ऊब होऊन जाते. पृथ्वीपासून दूर ठेवलेली यानं त्या वाऱ्यात बसून चुंबकीय क्षेत्र मोजत असतात आणि ते आकडे जगात कोणालाही फुकट मिळतात. कोणालाही म्हणजे मलाही. चूक तिथूनच सुरू झाली म्हणायची.

भोवरे मोडतात म्हणजे काय, हे मला पुस्तकात कळलं नव्हतं. ते कळलं लासलगावच्या मार्केट यार्डात. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता, सासऱ्यांबरोबर कांद्याच्या लिलावाला गेलो होतो, आणि नवा जावई म्हणून मला काही काम न देता एका पोत्यावर बसवून ठेवलं होतं. दुपार झाली, लिलाव संपले, ट्रॉल्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि पश्चिमेकडून वारा आला. फाटकाशी एक मोठी वावटळ उठली, तांबूस टरफलांची, दुमजली घराएवढी. ती आत आली, ट्रॉल्यांवर आपटली, तिच्या चार झाल्या. त्या चार चाकांच्या आडून फिरल्या तर त्यांच्या दहा-वीस. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर वावटळ अशी काही राहिलीच नव्हती. पायाशी एकेक टरफल जागच्या जागी थरथरत होतं, बस्स. सासरे म्हणाले, "काय बघता एवढं?" मी म्हणालो, "वारा." त्यांनी मुलगी दिलेल्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं.

हे मी पुढे देवस्थळी मॅडमना सांगितलं होतं. देवस्थळी मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. आमच्या कॉलेजात खडू आणि हजेरीपलीकडे काही करणाऱ्या त्या एकट्याच. सुती साडी, खाली पांढरे बूट, आणि खांद्याला कापडी पिशवी. गंगापूर रोडवरच्या घरून चालत यायच्या, भर उन्हातसुद्धा. टरफलांची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि नेहमीसारखी मला आडनावाने हाक मारत म्हणाल्या, "छान आहे. प्रबंधात मात्र टरफलं नकोत, आहेर. प्रबंधात आलेख."

लाटेच्या त्या उन्हाळ्यात, मेअखेर, त्या निवृत्त होणार होत्या. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. माझ्या आधीचे तिघे नोकऱ्या धरून पांगले होते. मी सात वर्षं मुदतवाढी घेत तिथेच. त्यांच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजने त्यांचं निरोपाचं व्याख्यान ठेवलं होतं आणि त्यासाठी त्यांनी, आयुष्यात प्रथमच, बाहेरगावचा एक मोठा शास्त्रज्ञ बोलावला होता. त्यांना त्या माणसाला काहीतरी दाखवायचं होतं. ते काहीतरी म्हणजे माझी लाट.

ती सापडली मार्चात. परीक्षेचे दिवस, सकाळभर वर्गांत बाकांवर खडूने नंबर घालायचे, दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आकड्यांसमोर बसायचं. तिथला कूलर पाणी संपलं की नुसता गरम वारा फेकायचा आणि त्याच्या वाळ्याच्या जाळीला वाळलेल्या गवताचा वास यायचा. मी आलेख काढत होतो. असा आलेख साधारण सगळ्यांचा सारखाच येतो: डावीकडे मोठे भोवरे, उजवीकडे लहान, आणि त्यांच्या जोराची रेघ जिन्याच्या कठड्यासारखी तिरकी उतरत जाते. माझी रेघही उतरत होती. पण त्या उतारावर एका जागी एक खिळा उभा होता. सरळ, बारीक, टोकदार. मी दुसरा महिना काढला, तिथेही खिळा. तिसरा, चौथा. खिळ्याचा अर्थ असा, की चुंबकीय क्षेत्राची दिशा दर तीन सेकंदांनी सुबक गोल फिरत होती, आणि सूर्याच्या वाऱ्यात तशा गोल फिरणाऱ्या लाटा खरोखर असतात, साधारण त्याच वेगाच्या. मला घाम फुटला. तो आधीच फुटलेला होता, पण हा वेगळा होता.

मॅडमनी आलेख हातात धरून खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला. मग पहिलाच प्रश्न विचारला, "यानाची गिरकी काढलीय ना यातून?"

"हो मॅडम," मी म्हणालो.

इथे थोडं थांबतो, कारण हा 'हो' मी पुढे पुष्कळ वेळा तपासून पाहिला आहे. तो खोटा नव्हता. फाइलच्या नावातच लिहिलं होतं की यानाच्या फिरण्याने बदलणाऱ्या दिशा सरळ करून दिल्या आहेत. दिशा सरळ केल्या म्हणजे गिरकी गेली, असं मला वाटलं. प्रत्यक्षात मापकात एक बारीकसा दोष होता, दिशा सरळ करताना तोच दोष गोल फिरायला लागत होता, आणि तो वेगळा काढावा लागेल असं सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. ते माहितीपत्रक मी उघडलं नव्हतं. मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो, 'प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा.' कॅपमध्ये, म्हणजे आमच्या पेपर तपासणीच्या केंद्रावर, सूचना न वाचता पाचाऐवजी सात प्रश्न सोडवणारी पोरं दिसली की मी शेजारच्याला वही दाखवून हसायचो.

घरी येऊन सुनंदाला म्हणालो, "सूर्याकडून एक लाट आलीय."

"गॅसवाला नाही आला," ती म्हणाली.

पण खरं सांगतो, ते तीन महिने मला फार चांगले गेले. सकाळी कॅपमध्ये शंभर वह्या, त्याच त्या चुका, लाल शाईने दुखणारं बोट. आणि दुपारी माझी लाट. ऊन इतकं की गंगापूर रोडवर दोन वाजता कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मी स्कूटरवर रुमाल बांधून निघायचो आणि डोक्यावरच्या त्या पांढऱ्या गोळ्याकडे ओळखीच्या माणसासारखा बघायचो. इतर लाटा येतात-जातात, वारा वाढला की सरकतात, क्षेत्र बदललं की बदलतात. माझी लाट कधी हलली नाही. मी प्रकरणात लिहिलं होतं, 'आश्चर्यकारक स्थैर्य'. सतरा वर्षं तेच चार धडे शिकवलेल्या माणसाला स्थैर्याचं आश्चर्य वाटावं, यातच काय ते आलं.

मेच्या तिसऱ्या रविवारी कांदा आला. आणला सुरेशने, माझ्या मेहुण्याने. तो सातपूरला एका छोट्या कारखान्यात आहे. कारखान्यांत लागणाऱ्या मोठ्या ब्लोअरच्या पंख्यांचा तोल साधणं हे त्याचं काम. पंखा मशीनवर चढवायचा, फिरवायचा, समोर थरथरीचा आलेख येतो, तो बघून नेमकी कुठल्या पात्याला किती पट्टी जोडायची ते ठरवायचं. आम्ही दोघं पलंगाखाली कांदे लावत होतो. खाली वर्तमानपत्र पुरलं नाही म्हणून सुनंदाने माझे जुने छापील आलेख अंथरले होते. रद्दी म्हणून काढलेल्या प्रती. प्रत्येकीवर तो खिळा होताच.

सुरेशच्या हातातला कांदा थांबला. "दाजी, हा कुठल्या ब्लोअरचा ग्राफ हाय?"

"ब्लोअरचा नाही रे. सूर्याच्या वाऱ्याचा आहे. ती लाट आहे."

त्याने कांदे बाजूला करून दुसरा कागद पाहिला. मग तिसरा. कोपऱ्यातले महिने वाचले. "जानेवारीचा इथंच. एप्रिलचा बी इथंच. तिथं वारा कमीजास्त होत नाय का?"

"होतो की. लय होतो," त्याच्याशी बोलताना मीही लय म्हणतो.

"मग हा का हलत नाय?"

"तेच तर विशेष आहे त्याचं."

"दाजी, राग येऊ देऊ नका," तो म्हणाला. "आमच्याकडं हवा बदलली, लोड बदलला, की समदं हलतं. जे हलत नाय, ते मशीनचं सोताचं असतं. तुमचं ते मोजायचं यंत्र फिरतं का?"

मी म्हणालो, "तू कांदे लाव."

"फिरतं का हो?" दारातून सुनंदाने विचारलं. तिला पंख्यातलं कळत नाही, सूर्यातलं कळत नाही, माझ्यातलं कळतं.

"फिरतं," मी म्हणालो.

"किती?"

पलंगाखाली मान वाकडी करून, गालाला कांदा टेकलेला, अशा अवस्थेत मी उत्तर दिलं. "तीन सेकंदांत एकदा."

सुरेश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने कागद परत अंथरला, त्यावर एक मोठा कांदा ठेवला आणि म्हणाला, "मग काढून टाका की. आमी तर पट्टी जोडून काढतो."

सोमवारी माहितीपत्रक उघडलं. मंगळवारी गिरकीचा दोष वजा केला. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा आलेख काढला. खिळा नाही. जिन्याच्या कठड्याची रेघ वरून खाली स्वच्छ उतरत गेलेली, जगात सगळ्यांना मिळते तशी. तिच्याकडे बघत मी बसून राहिलो, आणि कूलर नुसता गरम वारा फेकत राहिला.

आता शनिवारपर्यंत चार दिवस होते. फोन करून एक वाक्य बोलायचं: मॅडम, ती लाट दाखवू नका. मी काय केलं? बुधवारी पाच किलो कांदे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं. "मी एकटी बाई, आहेर. एवढ्या कांद्यांचं काय करू?"

"टिकतात, मॅडम. उन्हाळी आहेत."

त्यांनी पन्हं दिलं, मग लॅपटॉप फिरवून व्याख्यानाची शेवटची स्लाइड दाखवली. माझा आलेख, खिळ्याला लाल वर्तुळ, खाली माझं नाव. त्यांचं नाव नव्हतंच. "चौतीस वर्षं त्या मागच्या खोलीत बसले," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या माणसाला दाखवावं असं काही निघालं नाही. तुमचं निघालं. आता गेले तरी चालेल." जाणं म्हणजे निवृत्त होणं, पण त्या ज्या पद्धतीने म्हणाल्या त्यावर मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मी म्हणालो, "मॅडम, एक सांगायचं होतं." त्या थांबल्या. मी म्हणालो, "कांदे पसरून ठेवा, पिशवीत ठेवू नका."

गुरुवारी मला बरं नव्हतं. शुक्रवारी मी स्वतःला पटवलं की निरोपाच्या व्याख्यानात कोणी प्रश्न विचारत नसतं.

मुलांना मी ही गोष्ट सांगतो ती सुरेशच्या कांद्यापर्यंतच. तिथे वर्ग हसतो, तास संपतो, चूक कशी शोधावी याचा धडा मिळतो, आणि मीही फार वाईट दिसत नाही. चूक ही मिरवता येण्यासारखी गोष्ट आहे, हे मला या वयात कळलेलं शहाणपण. आपल्या फजितीची गोष्ट आपणच रंगवून सांगितली की लोक पुढचं विचारत नाहीत. पदवी मला मिळाली पुढे, तीन वर्षांनी, पुण्याच्या एका मार्गदर्शकांकडे. त्या प्रबंधात लाट नाही, सगळ्यांसारखी उतरणारी रेघ आहे. तो कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. आता नव्या मुलांचे आलेख माझ्याकडे येतात, मी प्रत्येकाला गिरकीचं विचारतो, ती 'हो सर' म्हणतात, आणि मला इतका थकवा येतो की वाटतं, त्या खुर्चीतच डोळे मिटावेत. मोठ्या वावटळीची शेवटी ऊब होते म्हणतात. माझ्या अनुभवात नुसती दमणूक होते, आणि तीही दर मे महिन्यात नव्याने.

शनिवारी सभागृह निम्मं भरलं होतं. बाहेर लिंबूसरबताची पिंपं, आत चार पंख्यांपैकी तीन चालू. पाहुणे शास्त्रज्ञ पहिल्या रांगेत, मी दुसऱ्या. मॅडम तासभर बोलल्या. सूर्याचा वारा, भोवरे, आणि हो, टरफलं. माझीच टरफलं, लासलगावची; त्यांनी ती माझ्या नावासकट सांगितली. मग शेवटची स्लाइड. त्यांनी मला उभं राहायला लावलं. मी उभा राहिलो, हात जोडले. टाळ्या पडल्या. मला हातांचं काय करावं कळेना म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांनी हात वर केला. आवाज अगदी सौम्य होता. "सुंदर आहे. या यानाची गिरकी किती सेकंदांची, मॅडम?"

"तीन," मॅडम म्हणाल्या. "पण ती काढलेली आहे." आणि त्यांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. वरून खाली, एकदा.

रविवारी सकाळी आठला मी त्यांच्या दारात होतो. रात्रभर एक भाषण तयार केलं होतं. त्यात विज्ञान, प्रामाणिकपणा आणि गुरू असे तिन्ही शब्द होते. खोलीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर कांदे नीट पसरलेले दिसले आणि भाषण विसरलो. जे झालं ते सरळ सांगितलं. माहितीपत्रक, सुरेश, मंगळवारचा आलेख. मंगळवार म्हणताना कांद्यांकडे बघत होतो.

मॅडम उठल्या. त्यांनी फोन उचलला, पाहुणे उतरले होते तिथे लावला, आणि माझ्यादेखत, उभ्या उभ्या, त्यांना म्हणाल्या, "काल मी दाखवलेली लाट ही यानाची गिरकी आहे. तपासायची जबाबदारी माझी होती, मी तपासलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी चुकीचं उत्तर दिलं. ज्यांना ज्यांना सांगाल त्यांना हेही सांगा." पलीकडून काही समजुतीचं बोललं जात असावं, कारण त्या दोनदा 'नाही, नाही' म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. एका सकाळीत इतकं थकलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "मॅडम, त्या यानानेच फसवलं हो."

त्यांनी चष्मा काढला.

"यान बिचारं तीन महिने खरं तेच सांगत होतं, आहेर," त्या म्हणाल्या. "खोटं बोललात ते तुम्ही एकटेच."